आक्का उभी राहिली

आमदार तातेराव गडदे यांच्या विरोधात त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं अर्ज भरला, ही बातमी त्यांना हिंगोलीच्या बंगल्यात दाढी करताना कळली. दुपारच्या सभेला निघायचं होतं. त्यांचे स्वीय सहायक विश्वंभर पाठक मोबाइल घेऊन आत आले आणि आरशात साहेबांची नजर भेटेपर्यंत गप्प उभे राहिले.

"काय पाठक? तोंड काहून उतरलं?"

"आक्कांनी अर्ज भरला, साहेब. अपक्ष."

"कोन आक्का?"

"आपल्या. धामणदऱ्याच्या."

तातेरावांनी अर्धी दाढी तशीच ठेवून टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तवाच नांदेडला सोडून यायला पाहिजे व्हतं तिला."

पाठकांना त्याचा अर्थ लागला नाही. विचारायची ती वेळही नव्हती.

तातेरावांचं राजकारण जवळा बाजारच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सुरू झालं. तेव्हा ते पंचविशीत होते. सोयाबीन ओलं आहे म्हणून अडते वजनात काट मारायचे आणि शेतकरी मान खाली घालून घरी जायचे. एक दिवस तातेराव काट्यावरच जाऊन बसले. "आधी मला तोला, मंग सोयाबीन तोला," म्हणाले. पोलिसांनी फरफटत उतरवलं, डोकं फुटलं. पट्टी बांधलेला त्यांचा फोटो पेपरात आला. त्या पट्टीच्या बळावर ते बाजार समितीत गेले, तिथून जिल्हा परिषदेत, आणि मग एका पक्षानं त्यांना विधानसभेचं तिकीट दिलं.

पुरुष त्यांच्या सभेला येत. बायका येत नसत. तातेराव ओरडून बोलायचे, बोलताना मांडीवर थाप मारायचे, बायकांना ते आवडत नसे. तेव्हा त्यांच्या मदतीला आक्का उतरली. नर्मदाबाई भागवत मस्के. औंढा तालुक्यातलं डोंगराच्या पायथ्याचं धामणदरा हे तिचं सासर. गावात तिनं बायकांचा बचत गट उभा केला होता, त्या निमित्तानं आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत तिची उठबस होती. ती कुणाच्याही घरात सरळ चुलीपर्यंत जायची आणि पाटावर बसून म्हणायची, "माहा भाऊ भोळा न्हाई. पन तुमच्यासंगं खोटं बोलनार न्हाई, याची हमी मी देते." बायकांनी तिच्या हमीवर मतं दिली. तातेराव निवडून आले. विजयाच्या मिरवणुकीत त्यांनी आक्काला जीपवर आपल्या शेजारी उभं केलं होतं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पायाला हात लावला होता.

दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी पक्ष बदलला. तिसऱ्या वेळी पुन्हा बदलला. दर वेळी "मतदारसंघाच्या विकासासाठी" हेच कारण दिलं, आणि लोकांनीही दर वेळी ते ऐकून घेतलं. मतदारसंघात रस्ते झाले, सभामंडप झाले. तातेरावांचा पेट्रोलपंप झाला, नर्सिंग कॉलेज झालं, हिंगोलीत दुमजली बंगला झाला. मुलानं डोंगराखाली कुंपण घालून जमीन घेतली. बाजारात कुणी काही बोललं की आक्का भांडायला उठायची. "माह्या भावानं चोरी केली असं कोनी पाह्यलं का? पाह्यलं असंल तर म्होरं या!" म्होरं कुणी यायचं नाही. ती जिंकल्यासारखी घरी जायची. तिचा नवरा भागवत मात्र बैलाला पाणी दाखवत एवढंच म्हणायचा, "म्होरं येनाऱ्याचं काय व्हतं ते लोकायला ठाऊक हाय, नर्मदे."

मग तलाव आला.

डोंगराखाली साठवण तलाव होणार ही चर्चा जुनीच होती. जागाही ठरल्यासारखी होती, धामणदऱ्याच्या खालच्या अंगाला, माळावर. तिथं कुणाचं घर बुडत नव्हतं. पण उन्हाळ्यात मोजणीवाले आले ते वरच्या अंगाला, थेट धामणदऱ्याच्या शिवारात. त्यांनी भागवतच्या हळदीच्या रानात खुणेचे दगड रोवले, मारुतीच्या पाराजवळ रोवले, आणि नर्मदाबाईच्या अंगणाच्या कोपऱ्यात एक रोवला. खालचा माळ आता सुटला होता. खालच्या माळावर आमदारांच्या मुलाचं कुंपण होतं.

नर्मदाबाई दुसऱ्याच दिवशी जीपनं हिंगोलीला गेली. बंगल्याच्या बाहेरच्या खोलीत पन्नासेक माणसं होती. पूर्वी ती सरळ आत जायची, स्वयंपाकघरात आशाबाई, तिची भावजय, चहा ठेवायची. त्या दिवशी दारावरच्या माणसानं तिला खुर्ची दाखवली. ती बसली. तिच्यानंतर आलेले ठेकेदार आत जाऊन आले. दुपार झाली. आशाबाई एकदा दारात आली, नणंदेला बघून आत वळली. शेवटी पाठकांनी येऊन "चला आक्का" म्हटलं.

तातेराव सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते.

"बोल आक्का. जेवली का?"

"तात्या, माह्या अंगनात दगड कुनी रोवला?"

"सरकारनं."

"सरकार कोन?"

"आता तुला कसं सांगू?" तातेराव हसले. "तांत्रिक बाब राहते आक्का. खालची जमीन भुसभुशीत निघाली. पानी धरत न्हाई. इंजिनेरानं लिहून देलं."

"तुह्या पोराच्या कुंपनाच्या आतलीच तेवढी भुसभुशीत निघाली व्हय?"

खोलीतली दोन-तीन माणसं उगाच मोबाइल बघायला लागली. तातेरावांनी पाय खाली सोडले.

"हे बघ, तुला मोबदला मंजूर करून देतो. दुसऱ्या कोनाला न्हाई भेटनार एवढा. हिंगोलीत प्लाट बघू. या वयात चिखल तुडवायची हौस हाय का तुला?"

"आनि बाकीच्यायचं?"

"बाकीच्यायचं बाकीचे बघतील."

"मी त्यायच्या चुलीपशी बसून हमी देली हाय, तात्या."

"तर मंग तूच निभाव तुही हमी," तातेराव म्हणाले आणि पाठकांकडं वळले. "पुढचं कोन हाय?"

नर्मदाबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर पडली. परतीच्या जीपमध्ये औंढ्याच्या अलीकडं शेजारच्या बाईनं विचारलं, "आमदाराकडं गेल्त्या का?" तेव्हा ती म्हणाली, "न्हाई. अनोळखी मानसाकडं गेल्ते."

ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला, निवेदनं गेली, गाव दोनदा कलेक्टर ऑफिसवर जाऊन बसलं. काही झालं नाही. निवडणूक लागली तसे विरोधी पक्षाचे रतनसिंग चौहान गावात आले. ते बांधकामाचे मोठे ठेकेदार. त्यांनी "आम्ही आलो की तलाव रद्द" असं सांगितलं, पण लिहून द्या म्हटल्यावर हसून चहा पिऊन गेले. त्या संध्याकाळी पारावर बायका बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "आक्का, तुमीच उभं राहा." चेष्टेतच म्हणालं असावं. नर्मदाबाईनं चेष्टा म्हणून घेतली नाही.

घरी भागवतनं विचारलं, "निवडून येनार हायेस का?"

"न्हाई."

"मंग?"

"मी देलेली हमी मला वापस घ्यायची हाय. जिथं जिथं देली, त्या दर घरातून."

भागवतनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. अर्ज भरायच्या दिवशी मात्र तो पांढरं धोतर नेसून तिच्या आधी जीपमध्ये जाऊन बसला.

अर्ज भरायची मुदत संपायच्या आत पाठक धामणदऱ्याला आले. ते औंढ्याच्या देवळाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेल्या घरातले, आवाज न चढवता बोलणारे. तातेरावांबरोबर पहिल्या आमदारकीपासून होते.

"आक्का, साहेबांनी निरोप दिलाय. अर्ज मागं घ्या. दगड पन्नास फूट खाली सरकवू. तुमचं घर वाचेल."

"माहं एकटीचंच?"

"तुमचं नक्की."

"पाठक, तुमी शिकलेले. तुमाला हे सांगायला लाज वाटत न्हाई?"

"वाटते," पाठक म्हणाले. "पण मी निरोप्या आहे. आणि एक मी माझ्या मनानं सांगतो. साहेब आता मागं बघणार नाहीत. तुम्हाला झेपेल का, विचार करा."

"त्याला सांगा, मी बी मागं बघनार न्हाई."

पाठक गेले आणि दोन दिवसांत उत्तर आलं. अर्जांच्या छाननीत आणखी एक नर्मदाबाई मस्के निघाली. नर्मदाबाई भगवान मस्के, राहणार वरूडगाव. वरूडगाव म्हणजे तातेरावांचं स्वतःचं गाव, आक्काचं माहेर. ही बाई तिथली, साधीभोळी, आयुष्यात कधी तहसीलच्या पायऱ्या न चढलेली. तिला नवं लुगडं आणि जीप आली, आणि तिनं सांगितलं तिथं अंगठा उठवला. मतदानाच्या मशीनवर दोघींची नावं एकाखाली एक येणार होती. फोटो असतो, पण दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींचं कुंकू रुपयाएवढं. आक्काला शिलाई मशीन चिन्ह मिळालं, दुसरीला कढई.

"बाईमानसाला बाईमानूसच पाडल," तातेराव कार्यकर्त्यांना म्हणाले. "दुसरी खरी वाटली पाहिजे. तिची पन जीप फिरवा, भोंगा लावा."

पाठक म्हणाले, "साहेब, फार खरी वाटायला नको."

"तुमी भेकड हायेत पाठक."

दुसरीची जीप वरूडगावच्या पट्ट्यात खूप फिरली. आक्काकडं एक टेम्पो होता, धामणदऱ्यातल्याच एकाचा. ती गावोगाव जायची, पण सभा घेत नसे. पूर्वी ज्या घरात पाटावर बसली होती त्याच घरात जाऊन उभ्यानं सांगायची, "बाई, मागं मी माह्या भावाची हमी देल्ती. ती मी वापस घ्यायला आले. मत कोनाला बी द्या. माह्या शबदावर देऊ नका." काही घरांत तिला पाणी मिळालं. एका घरातल्या बाईनं तिच्या तोंडावर दार लावलं. "आमचं पोरगं नोकरीच्या आशेनं तुह्या भावाच्या मागं धा वर्स फिरलं, तवा कुठं व्हतीस?" असं ती आतून ओरडली. आक्का बंद दारासमोर थोडी उभी राहिली आणि पुढच्या घरी गेली.

तातेरावांच्या कानावर हे रोज येत होतं. ते आक्काला हसत, पण गावागावांत बायका सभेला यायच्या थांबल्या होत्या. जवळा बाजारची सभा मोठी ठेवली होती. बाजाराचा दिवस, मैदान भरलेलं. बोलता बोलता तातेराव अचानक हळू आवाजात बोलायला लागले. त्यांना तसं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"माह्या बहिनीबद्दल लोक मला विचारून राहिले. ती मला मायसारखी हाय. मी तिच्या इरोधात एक शबद बोलनार न्हाई. पन खरं सांगनं बी माहं काम हाय. माह्या बहिनीला डोक्याची तकलीफ हाय. आजची न्हाई, जुनी हाय. तिचं पहिलं लेकरू गेलं तवा ती येडी झाल्ती. रानोमाळ फिरायची. मी सोताच्या हातानं तिला नांदेडला नेलं, येड्याच्या डाक्टरकडं. तिला मी घास भरवला हाय. आज त्या आजारी बाईला फूस लावून कोनी उभं केलं? ज्यायनं केलं त्यायला देव माफ करनार न्हाई." त्यांनी रुमालानं डोळे टिपले. पुढच्या रांगेतल्या काही म्हाताऱ्यांनीही टिपले. स्टेजवर मागं बसलेल्या पाठकांनी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

ते भाषण तासाभरात सगळ्या मोबाइलवर होतं. धामणदऱ्यात नर्मदाबाईची मुलगी दिपा, हिंगोलीच्या कॉलेजात शिकणारी, सुट्टी काढून प्रचाराला आलेली, अंगणात बसून ते बघत होती. तिनं ते दोनदा बघितलं. मग आईला दाखवलं.

"आई, मामा हे काय बोलून राहिला?"

नर्मदाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आई, मला मोठी बहीन व्हती?"

"व्हय. आठ म्हैन्याची व्हती. तापात गेली."

"आनि बाकीचं?"

"बाकीचं बी खरं हाय." ती भिंतीला टेकून बसली. "मला दिसायची ती. वढ्याच्या काठी. मी पाह्यटी उठून पाहायला जायची. गावानं भूत लागलं म्हनलं, मारलं बी. तात्या एकोनीस-वीस वर्साचा व्हता. त्यानं मला यष्टीत बसवून नांदेडला नेलं. म्हैनाभर धरमशाळेत राह्यला माह्याजवळ. यातलं कोनाला सांगनार न्हाई म्हनून त्यानं माह्या डोक्यावर हात ठिवला व्हता. त्याच्या त्या म्हैन्यापायी मी त्याच्यासाठी गावोगाव फिरले, दिपा. त्याच्यापायीच लोकायसंगं भांडले."

भागवत दारात उभा होता. तो आयुष्यात फारसा रागावला नव्हता. त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि अंगणात गेला. दिपा घाबरून मागं धावली. भागवतनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या खुणेच्या दगडावर कुऱ्हाडीच्या पाठीनं घाव घालायला सुरुवात केली. दगड फुटला नाही. दांडा मोडला तेव्हा तो थांबला.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पुढचे पाच-सहा दिवस नर्मदाबाई प्रचाराला बाहेर पडली नाही. ती संपली, असं तातेरावांच्या माणसांनी सगळीकडं सांगितलं.

प्रचार संपायच्या आधी, जवळा बाजारच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आली. भाजीवाल्यांच्या रांगेला टेम्पो उभा केला आणि त्याच्या मागच्या फळीवर चढली. भोंग्याचा आवाज खरखरत होता. लोक जमले ते बहुतेक वेडी बाई कशी दिसते ते बघायला. पुढं काही पोरं हसत होती.

"हसा," ती म्हणाली. "मी येडी झाल्ते. माहा भाऊ खोटं बोलला न्हाई. माहं लेकरू मेलं, मी येडी झाले. तुमच्यापैकी ज्या बाईचं लेकरू गेलं ती मला हसंल का?"

पोरांचं हसू थांबलं.

"माह्या भावानं मला बरं केलं. खरं हाय. त्यानं मला घास भरवला, तो आज त्यानं तुमच्याम्होरं माह्या तोंडातून वढून काढला. मताच्या पायी. माहं मेलेलं लेकरू त्यानं या बाजारात मांडलं. आता इचार करा, जो सोताच्या बहिनीचं लेकरू बाजारात मांडतो, तो तुमचं काय काय मांडंल?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी भाजीच्या पाट्यांमधून पुढं आली आणि टेम्पोच्या फळीला धरून रडायला लागली. नर्मदाबाई खाली उतरली, तिच्या शेजारी उभी राहिली. ती स्वतः रडली नाही. मग म्हातारीला घोट घोट पाणी पाजून टेम्पोत बसली आणि निघून गेली. त्या सभेचे फोटो कुठल्याच पेपरात आले नाहीत.

निकालाच्या दिवशी तातेराव मतमोजणीच्या जागी सकाळीच जाऊन बसले. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते पुढं होते. वरूडगावचा पट्टा उघडायला लागला तशी त्यांची आघाडी घसरली. त्यांच्या हक्काच्या गावांत कढईला मतं निघत होती, शेकड्यांनी. त्यांच्याच माणसांनी जीप आणि भोंगा घेऊन इतकी खरी करून दाखवली होती दुसरी नर्मदाबाई, की काही लोकांनी आपल्या गावची बाई म्हणून तिला दिलं, काहींनी साहेबांचीच उमेदवार म्हणून दिलं, आणि काहींनी साहेबांच्या बहिणीला द्यायचं म्हणून कढईचं बटण दाबलं. कोणत्या कारणानं किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. रतनसिंग चौहान जिंकले. तातेराव जेवढ्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं कढईला होती. शिलाई मशीनला कढईपेक्षाही कमी होती. आक्काची अनामत जप्त झाली.

तातेराव बाहेर आले तेव्हा चौहानांच्या माणसांचा गुलाल त्यांच्या गाडीच्या काचेवर उडाला. कार्यकर्ते आजूबाजूला होते, पण थोडे लांब. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "आक्कानं पाडलं मला."

"आक्कांना तुमच्या वरूडगावात मतं नाहीत, साहेब," पाठक म्हणाले. "तिथं आपणच उभ्या केलेल्या बाईला..."

"आक्कानं पाडलं म्हनलं ना!"

पाठकांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. बंगल्यात बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या, माणूस नव्हतं. आशाबाईनं विचारलं, "चहा टाकू का?" तातेराव तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती दोन दिवसांसाठी माहेरी गेली.

नवे आमदार चौहान पेढे घेऊन धामणदऱ्याला गेले. त्यांनी नर्मदाबाईच्या गळ्यात हार घालायला हात पुढं केले. ती मागं सरकली.

"मी तुमच्यासाठी उभी न्हवते."

"पण आमचा फायदा तर झाला ना ताई," चौहान हसून म्हणाले.

"मंग तलाव रद्द करा."

"बघू. सरकार बसू द्या."

सरकार बसलं, आणि पुढच्या हिवाळ्यात खोदाईची यंत्रं धामणदऱ्याच्या वाटेला लागली. ठेका चौहानांच्या मेव्हण्याला मिळाला होता. खुणेचे दगड जिथं तातेरावांनी रोववले तिथंच होते.

यंत्रं आली त्या सकाळी नर्मदाबाई आणि गावातल्या बायका भागवतच्या रानात, हळदीच्या कडेला, त्यांच्या वाटेत बसल्या. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. इन्स्पेक्टरनं समजावलं, बायका हलल्या नाहीत. उन्हं चढली तेव्हा वरूडगावच्या बाजूनं तीन जीपा धुरळा उडवत आल्या. पहिलीतून तातेराव उतरले. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. मागच्या जीपमधून कॅमेरावाले उतरले. तातेरावांनी आणखी एका नव्या पक्षात प्रवेश केला होता आणि पुढच्या वेळच्या तिकिटाची बोलणी चालली होती.

ते सरळ बायकांमध्ये आले आणि मातीत मांडी घालून बसले.

"या अन्यायाच्या इरोधात मी माह्या बहिनीच्या खांद्याला खांदा लावून बसलो हाय," ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. "जवरक तलाव रद्द व्हत न्हाई, तवरक मी हितून उठनार न्हाई."

नर्मदाबाई त्यांच्यापासून दोन हातांवर होती. निवडणुकीनंतर ती त्यांना पहिल्यांदाच बघत होती. भाऊ वाळला होता, मानेवरची कातडी लोंबायला लागली होती.

"आक्का," तातेराव कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. दोघं मिळून लढू. तू म्हनशील ते."

"दगड कुनी रोवला, तात्या?"

"आता काय ते काढतेस?"

"कॅमेऱ्याम्होरं सांग. माह्या पोराची जमीन वाचवायला मी दगड हलवला म्हनून सांग. मंग बस माह्याजवळ."

तातेरावांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग ते म्हणाले, "राजकारन तुला कळत न्हाई, आक्का."

नर्मदाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तिच्या शेजारची उठली, मग तिच्यामागची. बघता बघता सगळ्या बायका उठल्या आणि यंत्राच्या दुसऱ्या अंगाला जाऊन तिथं वाटेत बसल्या. तातेराव हळदीच्या कडेला एकटेच उरले. कॅमेरावाले क्षणभर गोंधळले आणि मग बायकांच्या मागं गेले. यंत्रावरचा ड्रायव्हर वरून सगळं बघत होता. एक हवालदार तोंडावर हात धरून हसत होता.

तातेराव बराच वेळ तसेच बसून राहिले. उठावं तर हसं, बसावं तरी हसं. शेवटी पाठक आले, त्यांना हात देऊन उठवलं आणि गाडीपर्यंत नेलं.

गाडीत तातेरावांनी उपरणं काढून मांडीवर टाकलं. "कॅमेऱ्यात काय आलं?"

"बायका उठून गेल्या ते आलं, साहेब."

"आनि मी बोललो ते?"

"ते कुणी दाखवणार नाही." पाठकांनी खिडकीची काच वर केली. "मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही. औंढ्याला घरी राहीन म्हणतो."

तातेरावांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. "जा. सगळे जा," म्हणाले.

धामणदऱ्याचं काम दोनदा थांबलं, दोनदा चालू झालं. भिंत अर्धी चढली आणि चौहानांच्या मेव्हण्यानं यंत्रं दुसरीकडं हलवली. तलावात पाणी नाही. भागवतचं हळदीचं रान खणून पडलं आहे, त्यात आता बाभळी उगवल्या आहेत. घर अजून उभं आहे. दिपाचं शिक्षण झालं, ती हिंगोलीत वकिलाकडं काम करते आणि गावानं घातलेल्या दाव्याच्या तारखांना जाते. त्या नव्या पक्षानं तातेरावांना तिकीट देणार नसल्याचं कळवलं. ते अजून लग्नकार्यात, दहाव्याला, सप्त्याला जातात आणि पुढच्या रांगेत बसतात. आखाडा बाळापूरच्या एका लग्नात नातेवाइकांनी मुद्दाम दोघा बहीणभावांच्या खुर्च्या शेजारी मांडल्या होत्या. नर्मदाबाईनं आपली खुर्ची उचलली आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांत नेऊन ठेवली.

"आक्का, आता तरी बोला की," कुणी नातेवाईक म्हणाला. "म्हातारे झाले दोघं."

"बोलायचं ते मी बाजारात बोलले," ती म्हणाली आणि नवरीकडं बघत बसली.